डिपॉझिट भरण्याआधी

नागपुरात दवाखान्यांची वाण नाही. एकट्या धंतोली-रामदासपेठेत गल्लोगल्ली पाट्या दिसतात आणि मेडिकल, मेयो, डागा, मिहानचे एम्स ही सरकारी रुग्णालये आहेतच. रुग्णांचे कागद करून देण्यात माझी बरीच वर्षे गेली. तरीही पत्रांत तेच वाचायला मिळते: योजना होती, हक्कही होता, पण कळले ते पैसे भरून झाल्यावर. या वेळची बहुतेक पत्रे त्याबद्दलच आहेत.

दिराच्या छातीत कळ आली म्हणून रात्री जवळच्या खासगी दवाखान्यात नेले. आधी साठ हजार भरा म्हणाले. ऑटो गहाण ठेवून भरले. घरी केशरी रेशनकार्ड आहे. हे पैसे योजनेतून परत मिळतील का? (नंदनवन)

नाही ताई, मिळणार नाहीत. हे लिहिताना जीव तुटतो, पण खोटी आशा दाखवून तुमच्या आणखी चकरा वाढवायच्या नाहीत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत पैसा थेट दवाखान्याला मिळतो, रुग्णाने भरलेली रक्कम नंतर परत होत नाही. शिवाय तो दवाखाना योजनेत ‘अंगीकृत’, म्हणजे योजनेच्या यादीत नोंदवलेला असावा लागतो. तुमचा नव्हता.

दीर अजून भरती असतील आणि पुढे बायपास सांगितली असेल, तर मात्र वेळ गेलेली नाही. हलवता येईल का, एवढे डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटले की १५५३८८ वर फोन करून जवळचे अंगीकृत हृदयरोग रुग्णालय कोणते ते विचारून घ्या. तिथे पोहोचल्यावर पैशाच्या काउंटरवर न जाता आधी ‘आरोग्यमित्र’, म्हणजे योजनेचा मदतनीस गाठा. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात त्याचे टेबल असते. रेशनकार्ड आणि आधार त्याच्याकडे द्या, पूर्वपरवानगीचा अर्ज तिथूनच जातो. जीवावर बेतले असेल तर परवानगी फोनवर घेतात आणि कागद मागाहून देता येतात. त्यामुळे ‘कागद नाहीत, आधी रोख भरा’ असे कोणी म्हटले तर लगेच पिशवीत हात घालू नका. आरोग्यमित्राला समोर बोलवा.

ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ च्या शेवटी राज्यभर आली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे कवच होते, तेही पिवळ्या-केशरी कार्डालाच. १ जुलै २०२४ पासून ते ५ लाख झाले आणि पांढरे कार्डही आत आले. ‘आमचे कार्ड पांढरे, आम्हाला काय मिळते’ असे म्हणणारे अजून रोज भेटतात, त्यांना हे आवर्जून सांगा.

एक मर्यादा लक्षात असू द्या. भरती होऊन करायच्या, यादीतल्या उपचारांसाठीच ही योजना आहे. साधा ताप, ओपीडीची तपासणी किंवा महिन्याच्या बीपीच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत.

मोबाईलवर आभा कार्ड काढले आहे. दवाखान्यात म्हणतात हे चालत नाही. (जरीपटका)

ते बरोबर सांगत आहेत. ‘आभा’ हा १४ आकडी क्रमांक तुमच्या तपासण्यांच्या नोंदी एका जागी ठेवण्यासाठी आहे. त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. उपचार मिळतो तो केंद्र सरकारच्या योजनेच्या आयुष्मान कार्डावर. दोन्ही नावे ‘आ’ने सुरू होतात आणि गावोगावच्या शिबिरांत दोन्ही कार्डे एकाच टेबलावर निघतात, तिथेच घोळ होतो. तुमचे आयुष्मान कार्ड निघते का, ते आरोग्यमित्राकडे तपासून घ्या.

दोन एकर कोरडवाहू शेती आहे. बायकोच्या खुब्याचे ऑपरेशन सांगितले. एका मोठ्या ट्रस्टच्या दवाखान्यात गेलो तर ‘गरिबांच्या खाटा भरल्या’ म्हणून परत पाठवले. खरे काय समजायचे? (कळमेश्वर)

दादा, खाटा खरोखर भरलेल्या असू शकतात. पण ते तपासून पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो फार थोडे लोक वापरतात.

ट्रस्टच्या दवाखान्यांना कर, जमीन अशा अनेक बाबतींत सवलती मिळतात. त्या बदल्यात त्यांच्यावर बंधन आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना पूर्ण मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. वर्षाचे उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. यासाठी दवाखाना इतर रुग्णांच्या प्रत्येक बिलातले २ टक्के वेगळ्या निधीत टाकतो. म्हणजे तुम्ही भीक मागायला जात नाही, तुमच्यासाठी बाजूला काढलेल्या पैशाबद्दल विचारायला जाता. तेव्हा काउंटरपुढे मान खाली घालून उभे राहू नका.

आता पुन्हा जाताना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत असू द्या. तिथल्या समाजसेवकाला भेटून तीन गोष्टी विचारा: निर्धन खाटा एकूण किती, आज रिकाम्या किती, आणि नकार असेल तर तो लेखी देता का. तिसऱ्या प्रश्नावर उत्तर बदललेले मी अनेकदा पाहिले आहे. लेखी देत नसतील तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव वहीत लिहून धर्मादाय सहआयुक्तांच्या नागपूर कार्यालयात अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नका. तातडीचा रुग्ण असेल तर या दवाखान्यांना डिपॉझिट न मागता भरती करून घ्यावे लागते, हेही ध्यानात ठेवा.

आणि सगळ्याच वाचकांना एक विनंती. पोरांच्या ॲडमिशनसाठी आपण दरवर्षी जूनमध्ये सेतू केंद्रात रांग लावतो. तेव्हाच उत्पन्नाच्या दाखल्याची एक जास्तीची प्रत घरच्या कागदांत ठेवून द्या. भरती झालेल्या माणसाला सोडून त्या रांगेत उभे राहणे फार अवघड असते.

मी बालाघाटची, वर्ध्याच्या रस्त्यावर एका बांधकामावर राहते. गर्भाशयाचे ऑपरेशन सांगितले. मध्य प्रदेशचे कार्ड इथे चालेल का?

रेशनकार्ड नाही, पण आयुष्मान कार्ड चालेल. ते देशभर चालते, मात्र दवाखाना आयुष्मान योजनेत असला पाहिजे. छिंदवाडा, सिवनी, बालाघाटचे रुग्ण मेडिकलला रोज येतात, त्यामुळे तुमचे कार्ड तिथे कोणाला नवे वाटणार नाही. अडचण आली तर १४५५५ वर बोला. आधार जवळ ठेवा, कारण ओळख त्याच्यावरच पटवतात.

मुलीला सिकलसेल आहे. रक्त चढवायचे असले की दर वेळी ‘बदली रक्तदाता आणा’ म्हणतात. नातेवाईक आता फोन उचलत नाहीत. (इंदोरा)

तुमचे पत्र दोनदा वाचले. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती घरांत आहे हे इथला प्रत्येक डॉक्टर जाणतो, तरी आईबापांवर दाता शोधण्याची ही पाळी येते, याचा मला राग येतो.

सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत द्यायचे आणि बदल्यात दाता मागायचा नाही, असे राष्ट्रीय धोरण आहे. मुलीचे सिकलसेल कार्ड दाखवा आणि रक्तकेंद्राच्या प्रमुखांशीच बोला, कारण खिडकीवरच्या माणसाला हे धोरण अनेकदा माहीत नसते. मेडिकल किंवा मेयोत असाल तर समाजसेवा अधीक्षकांकडे जा. फी माफीपासून औषधांपर्यंत बरीच कामे त्या खोलीतून होतात, आणि बहुतेकांना ती खोली कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नसते.

हायड्रॉक्सीयुरियाची गोळी मुलीला चालते का, हेही डॉक्टरांना विचारा. ती नियमित घेतल्याने बऱ्याच मुलांचे दुखण्याचे झटके कमी होतात आणि रक्तही कमी वेळा लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, म्हणून दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा. उपचारासाठी रेल्वेने जावे लागले तर तिकिटात सवलत आहे.

बिलाचे वीस हजार बाकी आहेत म्हणून वडिलांना डिस्चार्ज देत नाहीत. (कामठी)

अडवता येत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत हे स्पष्ट लिहिले आहे, आणि मृतदेहालाही तेच लागू आहे. बाकी राहिलेले बिल हे कर्ज असते. ते वसूल करायला दवाखान्याला कायद्याचा मार्ग आहे, त्यासाठी माणूस ओलीस ठेवता येत नाही. सविस्तर बिल मागा, कबूल असलेली रक्कम आणि हप्ते एका कागदावर लिहून द्या. तरीही सोडत नसतील तर ११२ वर फोन करा.

आणि पत्रात तुम्ही वडिलांचे वय ७३ लिहिले आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यांना घरी आणले की याच आठवड्यात काढून घ्या, आधार पुरते.