७४ वर्षांच्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, या वयात फिजिओथेरपीचा खरंच उपयोग होतो का? की घरीच व्हिडिओ बघून व्यायाम केले तर चालतील?

तुमचा प्रश्न दुपारी वाचला आणि लिहायला बसतेय रात्री साडेदहाला, मधला सगळा वेळ डोक्यात तेच चाललं होतं. तुम्ही लिहिलंय की वडील घरात पडले, खुबा मोडला, ऑपरेशनला दोन महिने झाले, वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जातात आणि बाकी दिवसभर पलंगावर असतात. फिजिओ एका वेळेचे ५०० रुपये घेतो. आणि घरातले म्हणतात की या वयात कशाला त्यांचा छळ, आराम करू देत.

हे 'आराम करू देत' मी पण ऐकलंय आणि त्यापायी माझी आई हातची जायची वेळ आली होती. त्यामुळे थोडक्यात लिहिणं मला जमणार नाही. उपयोग होतो, ७४ ला होतो आणि नव्वदीला पण होतो, एवढं आधी सांगून टाकते.

आई तेव्हा ७२ ची होती. आमचं गाव तासगावजवळ, तिथे आई, दादा, वहिनी, मुलं. मी पुण्यात. श्रावणात पहाटे चारला उठून बाथरूमकडे जाताना पायपुसण्यात पाय अडकला आणि उजव्या कुशीवर पडली. मिरजेला नेलं, खुब्याचा बॉल त्याच्या मानेतून, म्हणजे बॉलखालच्या बारीक हाडातून, मोडला होता, तो काढून नवीन बॉल बसवला. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्याच दिवशी तिथल्या फिजिओने तिला वॉकर धरून उभं केलं, चार पावलं टाकायला लावली, आई रडली आणि दादाला ते बघवलं नाही. तिथेच गाडी रुळावरून घसरली असं मी आजही म्हणते.

मी तीन दिवस हॉस्पिटलात होते, मग मुलाची परीक्षा म्हणून परत आले. आईला सहाव्या दिवशी घरी नेलं. डिस्चार्जच्या कागदांत व्यायामाचं एक पान होतं, चित्रांसकट, ते एक्स-रेच्या पिशवीत गेलं आणि पिशवी कपाटावर गेली. दादाने बाकी सगळं केलं, हे मी कबूल करते. हॉस्पिटलचा पलंग भाड्याने आणला, दिवसभरासाठी बाई ठेवली, डायपर, बेडपॅन, कशालाही पैशाकडे बघितलं नाही. फक्त तिला उठवलं नाही. तिने 'आई गं' केलं की सगळे म्हणायचे राहू दे, राहू दे. दोन्ही हात धडधाकट असताना वहिनी तिला पेज भरवायची. चुलते कुठूनसं हाडवैद्याचं तेल घेऊन आले आणि रोज संध्याकाळी पोटरीपासून वर मांडीपर्यंत मालीश सुरू झालं. अशा ऑपरेशननंतर पोटरीत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस मिनिटांत जातो, हे मला नंतर कळलं आणि अंगावर काटा आला. आमचं नशीब थोर.

फोनवर मी रोज विचारायचे आणि रोज एकच उत्तर, बरी आहे, आराम करतेय.

घरी आणल्यापासून २४ व्या दिवशी मी गेले. चादर बाजूला केली तर मांडी माझ्या दंडाएवढी झालेली. टाच लाल, माकडहाडावर रुपयाएवढी जखम. तिने मला विचारलं संक्रांत झाली का गं, आणि अजून दसरासुद्धा आला नव्हता. थोड्या वेळाने नीट ओळखलं आणि म्हणाली, "आता मला उचलायचं ते एकदाच उचला."

धडधाकट म्हाताऱ्या माणसांनासुद्धा नुसतं दहा दिवस झोपवून ठेवलं तर पायांचे सुमारे १ किलो स्नायू जातात, हे अमेरिकेत मोजून बघितलेलं आहे, २००७ साली छापून आलंय. आणि ती निरोगी माणसं होती, पडलेली नव्हती की ऑपरेशन झालेली नव्हती. आईचे पडून राहण्यात जवळजवळ साडेतीन आठवडे गेले होते, वर खायला पेज आणि चहा-खारी. स्नायू राहणार कुठून?

त्या रात्री दादाशी कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, "तू चार दिवस येणार, शहाणपण शिकवणार आणि जाणार, रात्री तीनला उठायचं आम्ही." हे खरंच होतं, त्यामुळे मी राहिले. सात आठवडे राहिले, त्यातले चार बिनपगारी.

तासगावहून ॲक्टिव्हावर एक फिजिओ यायला लागली, पंचविशीतली मुलगी, एका वेळेचे ४०० रुपये. पहिल्या दिवशी तिने आईच्या पायाला हातच लावला नाही. शेजारी बसून विचारत राहिली, आजी तुम्ही घरात काय काय करायचा, कुठवर चालायचा, संडास कसला आहे. आईने सांगितलं की धान्य मापायचं काम माझं, शनिवारी मारुतीला जायचं, दारातल्या दोन पायऱ्या. मग तिने शिवणाची टेप मागून खुर्चीची उंची मोजली आणि म्हणाली ही बुटकी आहे, बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर येता कामा नयेत, नाहीतर नवीन बॉल निसटू शकतो. आम्ही सुताराकडून खाच पाडलेले चार ठोकळे करून आणले, खुर्चीचे पाय त्यात बसवले. संडासात कमोडची खुर्ची ठेवली. मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही, तीन महिने. ऑपरेशन कसं केलंय त्यावर हे नियम बदलतात, तुमच्या वडिलांना कोणते लागू आहेत ते सर्जनला विचारून कागदावर लिहून घ्या.

सुरुवात अगदी साधी होती. पाऊल वर-खाली, टाच गादीवरून सरकवत जवळ घ्यायची, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबून पाच आकडे धरायचं. चौथ्या दिवशी खुर्चीतून उभं राहणं. आई मोजायची 'लाभ, दोन, तीन', धान्य मापताना मोजतात तसं, पहिल्याला एक म्हणायचंच नाही. त्या दिवशी ती लाभवरच थांबली, तेही आम्ही दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून. दादा दारात उभा होता, म्हणाला मारणार आहात का तिला, आणि निघून गेला. त्या मुलीने मात्र शांतपणे सांगितलं की व्यायाम करताना दुखणार, ते दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळलं तर काळजी नाही, सकाळी जास्त ठणकत असेल किंवा सूज आली असेल तर कमी करू, बंद नाही करायचं. हे एक वाक्य मी आजवर दहा जणांना तरी सांगितलं असेल.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी हाताने खुर्ची रेटून पाच वेळा उठली. मग ओट्याला धरून पाय बाजूला उचलणं सुरू केलं. ओट्यालाच धरायचं, खुर्ची सरकते, ओटा सरकत नाही. लंगडणं जातं ते कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू बळकट झाल्यावर, आणि तो नुसत्या चालण्याने पुरेसा होत नाही, म्हणून हा व्यायाम कंटाळवाणा असला तरी सोडायचा नाही. पेज बंद केली, दोन वेळा घट्ट वरण, दही, सकाळी एक अंडं. अंड्यावरूनही भांडण झालं, ते असो. सातव्या आठवड्यात हात छातीवर घडी करून, कुणी न धरता, 'लाभ' पासून अकरापर्यंत गेली. दारातल्या दोन पायऱ्या मी निघायच्या आदल्या दिवशी उतरली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि काठी ऑपरेशनच्या उलट्या हातात. काठी बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात, तुमच्याकडे पण बघा.

आता आई ७६ ची आहे, शनिवारी मारुतीला चालत जाते. आणि दादा अजूनही चार लोकांत सांगतो की ऑपरेशन चांगलं झालं म्हणून आई उभी राहिली. मागच्या मे महिन्यात भाचीच्या लग्नात पण हेच. अरे, ऑपरेशन त्या पहिल्या २४ दिवसांत पण तेवढंच चांगलं होतं ना? तेव्हा का नाही उभी राहिली? आईच्या कष्टाचं श्रेय कुणी लोखंडाच्या गोळ्याला दिलं की माझं डोकं फिरतं. तिने ते एकेक 'लाभ' कसं काढलंय ते मी बघितलंय, कपाळावरचा घाम पुसलाय.

दादाचं दुसरं आवडतं वाक्य म्हणजे फिजिओ म्हणजे मालीशवालेच की, चार पैसे जास्त घेणारे. बीपीटी ही फिजिओथेरपीची चार वर्षांची डिग्री आहे, वर इंटर्नशिप. आपल्या मुंबईत केईएममध्ये याचं शिक्षण पन्नासच्या दशकात सुरू झालं, पोलिओच्या साथीनंतर हजारो पोरांना पायावर उभं करायचं होतं म्हणून. महाराष्ट्रात त्यांच्या नोंदणीसाठी वेगळी कौन्सिल आहे, बिनधास्त नोंदणी नंबर विचारा. आणि वय झाल्यावर ताकद येत नाही म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धांच्या संस्थेत नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायाने वजन उचलायला लावलं, साधं नाही, चांगलं जड वजन. एकाने मधेच सोडलं, बाकीच्यांची मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदी! तुमचे वडील त्यांच्यापुढे तरुण आहेत हो.

आता व्हिडिओचं. सुरुवातीला माणूस हवाच. तुमच्या वडिलांना बॉल बसवलाय की रॉड की स्क्रू, पायावर किती वजन टाकायची परवानगी आहे, कोणत्या हालचाली बंद, हे व्हिडिओतल्या माणसाला काय माहीत? पण रोज ५०० घालवायची पण गरज नाही. आम्ही पहिल्या आठवड्यात चार वेळा बोलावलं, मग आठवड्यातून एकदा-दोनदा, एकूण १२ वेळा, म्हणजे ४८०० रुपये. त्याहून जास्त दादाचे पलंगाच्या भाड्यात आणि बाईच्या पगारात गेले होते. मधल्या दिवशी तिने लिहून दिलेलं आम्ही दोनदा करून घ्यायचो आणि कालनिर्णयच्या चौकोनात आकडा लिहायचो. फिजिओला तसं स्पष्ट सांगा की आम्हाला शिकवा, दर आठवड्याला तपासा आणि पुढचं द्या. जो नुसतं मशीन लावून वीस मिनिटं झोपवून ठेवतो आणि पैसे घेऊन जातो, तो बदला. दोन महिने उलटूनही वडील पलंगावरच आहेत म्हणजे काहीतरी चुकतंय, हे स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

एक चाचणी सगळीकडे वापरतात. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर घडी, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ७० ते ७४ च्या पुरुषांसाठी १२ पेक्षा कमी आले तर पडायचा धोका जास्त धरतात. हात टेकावे लागले तर शून्य. आईचं कितीतरी दिवस शून्यच होतं, घाबरू नका. पण खुर्ची उंच हवी, शेजारी माणूस हवा, आणि सर्जनने तेवढं वजन टाकायला हो म्हटलेलं हवं. ताकदीसोबत तोलाचा व्यायाम पण हवा, ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यातून निदान तीन दिवस करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. न्यूझीलंडमध्ये घरच्या घरी करायचा असा एक कार्यक्रम आहे, ओटागो नावाचा, त्याने म्हाताऱ्यांचं पडणं साधारण एक तृतीयांशाने कमी झालेलं आहे. तुमच्या फिजिओला माहीत असणार, विचारा.

हे आधी लिहायला हवं होतं, आता लिहिते. मी डॉक्टर नाही. माझी आई पडायच्या आधी दिवसभर कामात असणारी बाई होती, हार्टचा त्रास नव्हता. तुमच्या वडिलांना हार्ट, पार्किन्सन, विस्मरण असं काही असेल तर वेग वेगळा राहणार. पोटरी एकदम सुजली, दम लागला, छातीत दुखलं, जांघेत अचानक कळ येऊन पाय आखूड वाटायला लागला, जखमेतून पाणी आलं, तर व्यायाम बंद आणि सरळ हॉस्पिटल. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर बीपीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी आणि औषधं पण विचारा, आमच्याकडे ते उशिरा सुचलं.

घरातल्यांशी भांडू नका असं मी म्हणणार नाही, मी भांडले. पण नुसता फोनवरून सल्ला देत असाल तर आधी जाऊन राहा, निदान दोन आठवडे.

आणि बाथरूमच्या वाटेवर पायपुसणं असेल तर आज झोपायच्या आधी उचला, तिथे रात्रभर राहील असा एक छोटा दिवा लावा. मी गेले तेव्हा आमच्या घरात ते पायपुसणं त्याच जागी पडलेलं होतं.