इतके सल्लागार दिमतीला असताना नेते परदेशी पाहुण्यांसमोर चुकतात कसे? आणि सर्वांत लाजिरवाणी चूक कोणती?

आपल्या प्रश्नाचा रोख असा दिसतो की, एवढे सचिव, दुभाषे आणि सल्लागार असूनही औपचारिक समारंभांत नेत्यांकडून शिष्टाचाराच्या चुका होतात, त्याअर्थी हाताखालची माणसे कामचुकार असली पाहिजेत. राजशिष्टाचाराच्या कामात असताना हा आरोप मी पुष्कळ ऐकला आणि निवृत्तीनंतर तो निमूट ऐकून घेण्याची माझी तयारी नाही, म्हणून हे उत्तर.

पाहुणा गाडीतून कोणत्या बाजूने उतरेल, त्याला पुष्पगुच्छ कोण देईल, राष्ट्रगीत केव्हा सुरू होईल, हे सगळे मिनिट टू मिनिट कार्यक्रमात लिहिलेले असते. तो कागद नेत्याच्या हातातही असतो. वाचलेला असतोच असे नाही.

एस. एम. कृष्णा यांचेच पाहा. 2004 ते 2008 या काळात ते आपले राज्यपाल होते, त्यामुळे आपल्याकडे त्यांच्याविषयी आदर आहे आणि मलाही आहे. परंतु फेब्रुवारी 2011 मध्ये परराष्ट्रमंत्री म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत बोलताना त्यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांचे भाषण काही मिनिटे वाचले. पोर्तुगाल आणि ब्राझील हे दोन पोर्तुगीजभाषक देश आज येथे एकत्र आहेत याचा मला वैयक्तिक आनंद वाटतो, अशा अर्थाचे वाक्यही ते वाचून गेले, आणि त्यानंतर भारताचे स्थायी प्रतिनिधी हरदीपसिंग पुरी यांनी त्यांना थांबवले. समोर बरेच कागद पसरले होते, असे कृष्णा यांनी नंतर सांगितले. ते खरेच असणार. पण स्वतःचे भाषण गाडीत बसून एकदा जरी नजरेखालून घातले असते, तर पहिल्याच परिच्छेदात शंका आली असती, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या वाट्याला आलेला प्रसंग याहून किरकोळ होता. एका परदेशी शिष्टमंडळाबरोबर सामंजस्य करारावर सह्या व्हायच्या होत्या. कोणता देश आणि कोणते मंत्री, हे सांगणार नाही. सह्यांच्या टेबलावर दोन्ही देशांचे छोटे ध्वज ठेवले होते. ध्वजसंहितेनुसार इतर देशांच्या ध्वजांबरोबर तिरंगा रांगेच्या उजव्या टोकाला असतो, आणि ही उजवी बाजू प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहणाऱ्याची असते. म्हणजे समोर बसलेल्यांना तिरंगा डावीकडे दिसतो. त्याप्रमाणे ध्वज, त्यांच्यामागे खुर्च्या आणि नावांच्या पाट्या मी स्वतः लावून घेतल्या होत्या. मंत्रिमहोदय त्या दिवशी वेळेआधी आले (ही गोष्ट तशी विरळाच), समोरून मंचाकडे पाहून म्हणाले, "आपला झेंडा डावीकडे कुणी ठेवला?" मी उत्तर देईपर्यंत त्यांच्या स्वीय सहायकाने ध्वजांची अदलाबदल केलीसुद्धा. "साहेब, उजवी बाजू मंचावरून धरायची असते," असे मी हळू आवाजात सांगितले. "बाई, शाळेत आम्हीपण गेलोय," एवढेच उत्तर मिळाले, आणि तेवढ्यात पाहुणे दारात आले.

पाहुण्यांचे प्रमुख आपल्या नावाच्या पाटीपाशी पोहोचले आणि समोर तिरंगा पाहून खुर्चीची पाठ धरून तसेच उभे राहिले. पाटी बरोबर, ध्वज चुकीचा. बसावे की सरकावे, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांच्याबरोबरचा एक तरुण अधिकारी पुढे आला, त्याने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली आणि त्याने दोन्ही ध्वज अलगद उचलून पूर्ववत ठेवले. छायाचित्रकारांना नेमका तोच क्षण मिळाला. यजमानांच्या टेबलावरचे ध्वज पाहुण्यांना नीट करावे लागले, असे ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापून आले आणि दुपारपर्यंत माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. स्वीय सहायकाकडून अर्थातच नाही. आमचे तेव्हाचे वरिष्ठ म्हणाले, "मंत्री चुकत नसतात, त्यांना चुकू देणारे चुकतात." भर मंचावर मंत्र्याचा हात धरण्याचा अधिकार कोणत्या नियमाने मला दिला आहे, असे मी त्यांना विचारले होते, त्याचे उत्तर त्यांनी आजतागायत दिलेले नाही.

दुसऱ्या बाजूला, नियम पाळणाऱ्याची काय गत होते हेही आपण पाहिले आहे. 26 जानेवारी 2015 रोजी बराक ओबामा प्रमुख पाहुणे असताना उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी सलामी दिली नाही, म्हणून समाजमाध्यमांवर त्यांची निष्ठा काढण्यात आली. वास्तविक सलामी राष्ट्रपतींनी आणि गणवेशधारी व्यक्तींनी द्यायची असते. साध्या पोशाखातील इतरांनी सावधान स्थितीत उभे राहायचे असते, आणि अन्सारी तसेच उभे होते. त्यांच्या कार्यालयाला तसा खुलासा करावा लागला. शिव्या देणाऱ्यांपैकी किती जणांनी तो वाचला असेल, देव जाणे.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. मे 2011 मध्ये बकिंगहॅम राजवाड्यातील मेजवानीत ओबामांनी राणीच्या नावाने पेला उंचावताच वाद्यवृंदाने राष्ट्रगीत सुरू केले आणि ते मात्र बोलतच राहिले, ही चूक सगळे सांगतात. ती मला निरुपद्रवी वाटते, कारण त्यात कोणाचा मान गेला नाही. 6 एप्रिल 2021 रोजी अंकारा येथे घडले ते मात्र मला अक्षम्य वाटते. तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोगान यांच्या शेजारी एकच खुर्ची होती, तीवर युरोपीय परिषदेचे अध्यक्ष शार्ल मिशेल बसले आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन काही क्षण उभ्या राहून बाजूच्या सोफ्यावर जाऊन बसल्या. आसनव्यवस्था युरोपीय पक्षाच्या सूचनेनुसारच होती, असे तुर्कस्तानने सांगितले. आपल्या लोकांना ते दालन आधी पाहू दिले नाही, असे परिषदेच्या राजशिष्टाचार अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. माझ्या व्यवसायातल्या माणसांनी एकमेकांवर किती फाइली फेकल्या असतील याची मला कल्पना आहे. पण मिशेल यांना उठून उभे राहण्यासाठी कोणाच्याही टिपणीची गरज नव्हती.

हाताखालची माणसे कधी चुकतच नाहीत, असा माझा दावा नाही. नोव्हेंबर 2015 मध्ये क्वालालंपूर येथे मोदी आणि जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंजो आबे हस्तांदोलन करत असताना मागचा तिरंगा उलटा लागलेला होता. तो दोष सरळ मांडणी करणाऱ्यांचा होता आणि तिथे खुलासा मागवणे योग्यच ठरते. फक्त तो मागवण्याआधी ध्वजाला शेवटचा हात कोणी लावला, एवढे विचारावे. मला ते कोणी विचारले नव्हते.