वाचकांचे प्रश्न : ‘मॅकबेथ’ची ओळख करून देताना

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. वाङ्मय मंडळात यंदा शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ची ओळख करून द्यायची आहे. विद्यार्थी बहुतेक मराठी माध्यमातून आलेले आहेत. कथा सांगितली की “चेटकिणींनी सांगितलं तेच झालं, म्हणजे त्याच्या नशिबातच होतं” असे म्हणून ते मोकळे होतात आणि चर्चा तिथेच संपते. शिवाय अशा नाटकामुळे अंधश्रद्धेला खतपाणी मिळेल, अशी शंका एका सहकाऱ्यांनी बोलून दाखवली आहे. सुरुवात कोठून करावी? कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाल्यापासून मुलांना चांगला प्रयोग दाखवायचा तरी कोठे, हाही प्रश्नच आहे.
— एक शिक्षिका, कागल

उत्तर : माझी पहिली सूचना अशी की, संपूर्ण कथा आधी सांगूच नये. कथा कळली की शेवट कळतो, आणि शेवट कळला की सगळेच अटळ वाटू लागते. आपल्या विद्यार्थ्यांचे नेमके हेच झाले आहे. पहिल्या तासाला फक्त पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश घ्यावा आणि चेटकिणी प्रत्यक्षात काय बोलतात, तेवढेच फळ्यावर लिहावे. त्या स्कॉटलंडच्या मॅकबेथ या सेनापतीला ग्लॅमिसचा सरदार म्हणतात, तो तर तो आहेच. कॉडॉरचा सरदार म्हणतात. ही सरदारकी राजा डंकनने आधीच्याच प्रवेशात त्याला देऊन टाकलेली असते, प्रेक्षकांना ते ठाऊक असते, फक्त त्याला ठाऊक नसते. आणि पुढे तू राजा होशील, असे सांगतात. कसा होशील, केव्हा होशील, याबद्दल त्या अवाक्षर काढत नाहीत. डंकनला मार, असे तर कोणीच म्हणत नाही.

मग खुनाचा विचार आला कोठून? रॉस हा सरदार कॉडॉरची बातमी घेऊन येतो आणि त्यानंतर काही ओळींतच तो विचार मॅकबेथच्या स्वतःच्या मनात उभा राहतो. त्याने त्याचे केस उभे राहतात, छाती धडधडते. त्याहीआधी, चेटकिणी बोलत असतानाच, सोबतचा सेनापती बँको त्याला विचारतो की, इतके चांगले ऐकून तू दचकलास का? हा एकच प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याला उभे राहून दुसऱ्याला विचारायला लावावा, उत्तर कोणीही देऊ नये आणि तास तेथेच थांबवावा. राजा होणार हे ऐकून माणूस आनंदतो. हा दचकतो, कारण त्याच्या मनाचा एखादा कोपरा हे आधीच कधीतरी चाचपून आलेला असावा.

‘नशिबातच होतं’ हे उत्तर खोडून काढण्याच्या भरीस पडू नये, कारण ते खुद्द मॅकबेथच देतो. नशिबाला मला राजा करायचे असेल तर ते माझ्या हालचालीशिवायही करील, असे तो याच प्रवेशात स्वतःशी म्हणतो. पुढच्याच प्रवेशात डंकन आपला मुलगा माल्कम याला वारस जाहीर करतो आणि नशिबावर सोडलेली ही गोष्ट मॅकबेथ ताबडतोब आपल्या हाती घेतो. येथे मुलांना विचारावे की, भाकितावर त्याचा खरोखर विश्वास असता, तर त्याला घाई करण्याचे कारणच काय होते? बँकोने तीच वाणी ऐकलेली असते, त्याचे वंशज राजे होतील असे त्यालाही सांगितलेले असते, तरी तो कोणाचा जीव घेत नाही. अर्थात बँकोलाही धुतल्या तांदळासारखा ठरवू नये. खुनानंतर त्याला संशय येतो आणि तो गप्प राहतो.

आपल्या मुलांना कंसाची आकाशवाणी आणि हिरण्यकशिपूचा वर लहानपणापासून ठाऊक असतात, त्यांचा उपयोग जरूर करावा. कंस भाकीत टाळण्यासाठी बालके मारतो, मॅकबेथ ते खरे करण्यासाठी घरी पाहुणा आलेल्या डंकनला मारतो; पुढे मात्र बँकोच्या मुलावर मारेकरी घालून तोही कंसाच्याच वाटेला लागतो. चौथ्या अंकात तो आपणहून चेटकिणींकडे जातो. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणी तुला मारू शकणार नाही, बर्नमचे रान डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येईपर्यंत तुझा पराभव नाही, हे तेथे ऐकलेले आश्वासन हिरण्यकशिपूच्या वराच्याच जातीचे आहे, आणि त्यातली पळवाट मुले आपोआप शोधू लागतात. त्यांना शोधू द्यावी.

आपल्या सहकाऱ्यांची शंका अगदीच अनाठायी नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली ज्या राज्यात करावा लागला, तेथे असा प्रश्न विचारला जाणारच. त्यांना एवढेच सांगावे की, हे नाटक साधारण १६०६ च्या सुमाराचे आहे आणि तेव्हा इंग्लंडच्या गादीवर असलेल्या जेम्स राजाने १५९७ मध्ये चेटूकविद्येवर स्वतः ग्रंथ छापला होता. तो स्कॉटलंडचा, आणि त्याचे घराणे आपला वंश बँकोपासून सांगत असे. तेव्हा चेटकिणी रंगभूमीवर आल्या यात नवल नाही. पण नाटकात त्यांच्यावर विसंबणाऱ्याची जी गत होते, ती पाहता कोणी गंडेदोरे बांधायला धावेल असे मला वाटत नाही. अशा शक्ती क्षुल्लक बाबतीत खरे बोलून मोठ्या बाबतीत घात करतात, हा इशारा बँको पहिल्याच अंकात देतो.

आता प्रयोगाविषयी. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले ते नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळाले, याची हळहळ कोल्हापुरात कोणाला नाही! तरीही आपल्या कामासाठी वर्गखोली पुरेशी आहे. शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात छप्पर नसलेल्या चौकात भर दुपारी नाटके होत, आणि १६११ मध्ये तेथे ‘मॅकबेथ’ पाहिल्याची एका प्रेक्षकाची नोंद उपलब्ध आहे. म्हणजे या नाटकातली काळीकुट्ट रात्र उन्हात, केवळ शब्दांनी उभी केली जाई. दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश दोन मुलांकडून वाचून घ्यावा. खून पडद्याआड झालेला आहे. मॅकबेथ बाहेर येतो तो रक्ताळलेले खंजीर हातात घेऊनच, कारण पहारेकऱ्यांजवळ ते ठेवायचे तो विसरला आहे, आणि परत आत जायची त्याची छाती होत नाही. ते ठेवायला त्याची पत्नी जाते. त्याच वेळी दारावर थापा पडू लागतात. एका विद्यार्थ्याला आधीच बाहेर उभे करून ठेवावे, वर्गाला कल्पना देऊ नये, आणि त्या जागी त्याला दार ठोठवायला सांगावे.

प्रश्न : लेडी मॅकबेथच खरी गुन्हेगार आहे, असे आमच्या नोट्समध्ये दिले आहे. ते बरोबर आहे का? हे नाटक मराठीत वाचायला मिळेल का?
— एक विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : नोट्स बाजूला ठेवून पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश वाचा. डंकन आपला नातलग आहे, राजा आहे आणि आज आपल्या घरी पाहुणा आहे, ही न मारण्याची कारणे मॅकबेथ स्वतःच मोजतो, आणि हे आता पुढे न्यायचे नाही असे पत्नीला सांगतोही. ती त्याच्या मर्दपणालाच हात घालते आणि त्याचे मन फिरवते. येथपर्यंत नोट्स खऱ्या. पण बँकोवर मारेकरी घालताना तो तिला विश्वासातही घेत नाही, आणि मॅकडफ या सरदाराच्या बायकामुलांची कत्तल तो कोणाच्याही चिथावणीशिवाय करवतो. मराठीत शि. म. परांजपे यांचे ‘मानाजीराव’ आणि वि. वा. शिरवाडकर यांचे ‘राजमुकुट’ (१९५४) ही या नाटकाची रूपांतरे आहेत. आधी ‘राजमुकुट’ वाचावे आणि मग मूळ नाटकातला पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश घ्यावा. झोपेत चालणाऱ्या राणीचा हा प्रवेश बहुतांशी गद्यात असल्याने इंग्रजीतूनही फारसा जड जात नाही.