जहाजावरचा सीटी स्कॅन: रेडिओग्राफी की जिऑलॉजी?

प्रश्न: मुलगा यंदा बारावी सायन्स पास झाला. बी.एस्सी. रेडिओग्राफीला प्रवेश मिळतोय. पण समुद्रतळाचा गाळ जहाजावरच सीटी स्कॅन करतात असा व्हिडिओ त्याने पाहिला आणि ‘मला हेच करायचंय’ म्हणून हटून बसलाय. रेडिओग्राफी करून तिथे जाता येईल का?
– एक पालक, सांगली

उत्तर: नमस्कार. स्पष्टच सांगतो, त्या वाटेने अवघड आहे. तिथे मशीन चालवणाऱ्यापेक्षा पडद्यावर काय दिसतंय हे ओळखणारा माणूस जास्त लागतो, आणि ती नजर जिऑलॉजीने येते.

त्याने बहुधा जपानचं ‘चिक्यू’ जहाज पाहिलं असावं. तळातून वर आलेल्या गाळाच्या कोअरचे, म्हणजे ड्रिलने काढलेल्या लांब दंडगोलाचे, प्लास्टिकच्या नळीसकट दीड-दीड मीटरचे तुकडे करतात आणि उभे चिरण्याआधी स्कॅनरमध्ये घालतात. गाळातलं पाणी आणि जिवाणू तपासायला काही भाग लगेच कापून घ्यावे लागतात. कापलेला भाग गेला तो गेला. म्हणून कुठे कापायचं नाही, हे आधी स्कॅन बघून ठरवतात. जड ते पांढरं, हलकं ते काळं दिसतं. वायूने फाकलेल्या भेगा काळ्याभोर, किड्यांच्या बिळात साचलेलं पायराइट (लोह आणि गंधकाचं जड खनिज) पांढरंशुभ्र. खरी मेख पुढेच आहे. ड्रिल फिरताना कोअरच्या बिस्किटांसारख्या चकत्या पडतात आणि मधे दळलेला चिखल भरतो. नवशिका त्यालाच थर समजून मोकळा होतो! (रुग्णाला रेडिएशनचा डोस बेताने द्यावा लागतो, गाळ मात्र तक्रार करत नाही.)

विषय आपल्याला अगदीच परका नाही. २०१५ मध्ये हेच जहाज गॅस हायड्रेटच्या (बर्फासारख्या घन रूपात अडकलेल्या नैसर्गिक वायूच्या) शोधात आपल्या पूर्व किनाऱ्याजवळ, कृष्णा-गोदावरी आणि महानदी खोऱ्यांत आलं होतं.

बी.एस्सी.ला जिऑलॉजी घ्या. पुण्यात फर्ग्युसन, मुंबईत झेवियर्स आहे. मग एम.एस्सी., आयआयटीत जायचं तर जॅम या प्रवेश परीक्षेचा जिऑलॉजीचा पेपर. पुढे पीएच.डी.साठी गोव्यात दोना पावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आणि वास्कोची एनसीपीओआर (ध्रुवीय व महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र). ‘आधी रेडिओग्राफी, मग एम.एस्सी. जिऑलॉजी’ असा मधला मार्ग काढू नका. बहुतेक ठिकाणी पदवीला जिऑलॉजी असल्याशिवाय दारात उभं करत नाहीत.

आता दुसरी बाजू. अशा मोहिमा साधारण दोन महिन्यांच्या, रोज बारा तासांची पाळी, रविवार वगैरे काही नाही. बोट लागते ती वेगळीच. आणि जहाज म्हणजे कायमची नोकरी नव्हे. संशोधक बहुतेक वर्ष जमिनीवरच्या प्रयोगशाळेत काढतो. हातात पगार यायलाही वेळ लागतो. घरची गरज तीन-चार वर्षांत कमावण्याची असेल तर रेडिओग्राफी चांगलीच आहे, खुशाल घ्या. फक्त जहाजाच्या आशेवर घेऊ नका.

प्रवेशाची मुदत संपण्याआधी त्याला एखाद्या कॉलेजच्या जिऑलॉजी विभागात न्या आणि खडकांच्या नमुन्यांपाशी तासभर सोडा. कंटाळून बाहेर आला, तर रेडिओग्राफीची फी भरून टाका.