घर तर त्याने चार वर्षांपूर्वीच सोडलं

"माझा एकुलता एक मुलगा २६ वर्षांचा आहे. खांडोळ्याच्या सरकारी कॉलेजातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं. चार वर्षं वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत कंत्राटावर आहे, क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये. हातात १९,५०० येतात आणि तरी महिन्याच्या शेवटी माझ्याकडेच पैसे मागतो. आता दौंडजवळ कुरकुंभला एका कंपनीत पक्की नोकरी मिळतेय, वर्षाला ३ लाख ६० हजार. हे म्हणतात, जाऊ दे. दीर म्हणतात, बाहेरचे इथे येऊन पोट भरतात आणि आमचाच मुलगा बाहेर का? मला रात्री झोप लागत नाही. त्याला अडवू का?" – गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एक आई

ताई, पत्रासोबत त्याच्या डायरीतल्या पानाचा फोटो पाठवलात, ते फार बरं केलंत. मी आधी ते पान वाचलं आणि मग पत्र. खोली ७,५००, वीज ८००, मेस ४,५००, पेट्रोल २,५००, स्कूटरचा हप्ता ३,२००. त्याने बेरीज केलेली नाही, बहुतेक करायची हिंमत झाली नसावी. मी केली, १८,५०० झाले. उरले हजार रुपये. त्यात मोबाइल, साबण, आजारपण आणि एखाद्या मित्राचं लग्न. खाली २२ तारखेसमोर बारीक अक्षरात लिहिलंय, "आई ५००". आधीच्या दोन महिन्यांतही २२ तारखेलाच तुमच्याकडून पैसे घेतल्याचं तुम्ही लिहिलंय.

"त्याला पैसे सांभाळता येत नाहीत की काय," असं तुम्ही विचारलंय. तसं मनातही आणू नका. त्या पानावर उधळपट्टीची एकही ओळ नाही. एका खोलीत दोघं राहून त्याचा वाटा साडेसात हजार होतो, दुखणं तिथे आहे. आपलं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाख. आणि २०२४ मध्ये इथे आलेल्या पर्यटकांची सरकारी मोजणी एक कोटीच्या वर गेली. घरमालकाने हिशेब केला की महिनाभर भाडेकरू ठेवून जे मिळतं ते सीझनमध्ये पर्यटकांकडून थोड्या रात्रींत मिळतं, तर तो काय करणार? माझ्याकडे येणारी कितीतरी मुलं सांगतात की पावसाळ्यात मिळालेली खोली ऑक्टोबरात रिकामी करून मागितली. वेर्ण्याच्या आसपास पर्यटक नसले तरी किनाऱ्याकडून हटलेले भाडेकरू तिकडेच सरकतात, आणि तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची गर्दी आधीपासून आहेच. पगार मात्र कंत्राटदार ठरवतो, आणि त्याला हे भाडं दिसत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही लिहिता, "पंधरा दिवसांनी शनिवारी रात्री येतो, रविवारी दुपारपर्यंत झोपतो, चारच्या बसने जातो." ताई, हे वाक्य मी दोनदा वाचलं. मुलगा घर सोडून जाईल म्हणून तुम्ही घाबरताय, पण घर त्याने चार वर्षांपूर्वी वेर्ण्याला खोली घेतली तेव्हाच सोडलं. तो गोव्यात आहे म्हणून तो घरी आहे असं तुम्हाला वाटत राहिलं, एवढंच. वाळपईहून साखळी, पणजी करत वेर्ण्याला रोज जाणं-येणं तीन पाळ्यांच्या नोकरीत शक्य नव्हतं, त्यात त्याची चूक नाही. पण घरापासून दूर राहण्याची किंमत तो आजही मोजतोय. त्या किमतीच्या बदल्यात त्याला काय मिळतंय, हे आपण पाहायला हवं. आज महिन्याला हजार रुपये शिल्लक आणि दर वर्षी नवा कंत्राटी कागद.

कुरकुंभचं गणित करू. वर्षाला ३ लाख ६० हजार म्हणजे महिन्याला ३० हजार हातात, असं घरात कुणी धरून चाललं असेल तर आधी ते सुधारा. त्या आकड्यात कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आणि ग्रॅच्युइटीचा भागही धरलेला असतो. मूळ पगार १५ हजार धरला तर त्याच्या पगारातून १,८०० पीएफचे जाणार, तेवढेच कंपनीचे, ग्रॅच्युइटीचे सातशेच्या आसपास, आणि महाराष्ट्रात दोनशे रुपये व्यवसाय कर, जो आपल्याकडे नाही. हातात २५ हजारांच्या आसपास येतील. बोनस वर्षातून एकदा देणार असतील तर त्याहूनही कमी. त्याच्या मित्राने सांगितलेला तिथला खर्च तुम्ही लिहिला आहे: खोलीचा वाटा ३,५००, दुपारचं जेवण आणि बस कंपनीची. मेस, वीज, स्कूटरचा हप्ता, वरखर्च आणि घरी येण्याजाण्याचे दरमहा अडीच हजार असं सगळं सैल हाताने धरूनही माझी बेरीज साडेपंधरा हजारांच्या पुढे जात नाही. म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास उरतात. पुणे शहरात हीच नोकरी असती तर मी इतक्या सहज "जाऊ दे" म्हटलं नसतं. तिथे भाडं पुन्हा त्याच खड्ड्यात नेतं. महागड्या गोव्यातून निघून महागड्या शहरात गेलेली आणि वर्षभरात कर्ज घेऊन परतलेली मुलं मी पाहिली आहेत.

पण पैशांपेक्षा मला एका शब्दाची जास्त काळजी आहे. तुम्ही ऑफर लेटरमधलं पद "केमिस्ट" असं लिहिलंय. नुसता केमिस्ट? क्यूसीमध्ये की प्रॉडक्शनमध्ये? वेर्ण्याला तो तयार गोळ्या तपासतो. कुरकुंभच्या बऱ्याच कंपन्या औषधाचा मूळ रासायनिक माल बनवतात. तिथे प्रॉडक्शनचा केमिस्ट म्हणजे रिअॅक्टरजवळ, सॉल्व्हंटच्या (रासायनिक द्रावकांच्या) वासात पाळी काढणारा माणूस. ते काम हलकं मुळीच नाही, मानाचं आहे, पण त्याची वाट वेगळी. चार वर्षं एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रावर बसलेला हात तिकडे गेला तर ती चार वर्षं मागे राहतील. म्हणून विभागाचं नाव ऑफर लेटरमध्ये लेखी यायला हवं. फोनवर "येस येस, क्यूसी" म्हटलेलं चालणार नाही. प्रोबेशन किती महिन्यांचं आणि बाँड आहे का, हेही त्याच ई-मेलमध्ये विचारून घ्यावं.

क्यूसी मिळालं तर त्याने जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे त्याला गॅस क्रोमॅटोग्राफी हाताळायला मिळेल, सॉल्व्हंटचे अवशेष मोजायला मिळतील. चाचणीचा निकाल मर्यादेबाहेर गेला की त्याचा तपास कसा करायचा, तपासणी पथकापुढे नोंदी कशा उभ्या करायच्या, हे पक्क्या कामगाराला शिकवतात. कंत्राटावरच्या मुलाला बहुधा नमुने चालवायला बसवतात. तीन वर्षं हे नीट केलं तर तो पुन्हा वेर्णा, पिळर्ण किंवा कुंडईच्या कंपन्यांकडे अर्ज करू शकेल, आणि या वेळी कंपनीच्या स्वतःच्या पटावर. औषधनिर्मिती हा गोव्यात मूळ धरलेला धंदा आहे, म्हणून त्याला परतीची वाट आहे. दुसऱ्या एखाद्या क्षेत्रातल्या मुलाला मी हे इतक्या खात्रीने सांगितलं नसतं.

निघण्यापूर्वी एक काम मात्र त्याने सोडू नये. सध्याच्या कंत्राटदाराकडून अनुभवाचा दाखला घ्यावा आणि त्यात कोणकोणत्या उपकरणांवर काम केलं ते लिहून घ्यावं. पीएफच्या यूएएन क्रमांकाच्या पासबुकात चारही वर्षांचा पीएफ खरंच जमा झालाय का, हे राजीनाम्याआधी बघावं. तुटलेले महिने नंतर कुणी भरून देत नाही. आणि तो पैसा काढू नये, नव्या कंपनीच्या खात्यात वळवावा. स्कूटरचं कर्ज फेडण्यासाठी काढेन म्हणेल, तुम्ही ठाम राहा.

सरकारी नोकरीचं तुम्ही ओझरतं विचारलंय. गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या जाहिराती त्याने पाहत राहाव्यात. अन्न व औषध प्रशासनाची प्रयोगशाळा बांबोळीला आहे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा वेर्ण्यालाच, आणि रसायनशास्त्राचा पदवीधर तिथे उपयोगाचा असतो. कोकणी त्याला येते, हा अशा भरतीत मोठा आधार. १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला मामलेदार कार्यालयातून आताच काढून ठेवावा, आणि राज्याबाहेर राहिल्यावर पुढच्या दाखल्याचं काय, हे तिथेच विचारून घ्यावं. रोजगार विनिमय केंद्रातली नोंदणी जिवंत ठेवावी. मात्र जाहिरातीची वाट पाहत वेर्ण्याच्या खोलीत आणखी चार वर्षं काढणं, याला मी तयारी म्हणत नाही.

तुमच्या दिरांना रागावू नका. त्यांचं दुःख खरं आहे. आपल्या माणसाला आपल्या मातीत राहणं परवडू नये, यासारखी बोचणारी गोष्ट नाही, आणि हे सांगणारे ते एकटे नाहीत. पण त्याचं उत्तर २६ वर्षांच्या मुलाने स्वतःची उमेद जाळून द्यायचं नसतं. तुमच्या यजमानांना हे कळलंय. तुम्ही लिहिता, २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांचा ट्रक पिसुर्ल्याच्या फेऱ्यांवर होता. खाणी पुन्हा सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या, आणि ट्रक फणसाखाली उभा राहून गंजला. "आज ना उद्या सुरू होईल" म्हणत वाट पाहण्याचा अर्थ त्यांच्याइतका त्या घरात कुणाला ठाऊक असणार? म्हणून ते एका वाक्यात "जाऊ दे" म्हणाले. त्यांच्याजवळ बसा, त्यांना बोलतं करा. मुलाला त्यांच्या तोंडून ते ऐकू द्या.

एक भीती तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जवळजवळ चोरून लिहिली आहे. तो बाहेर गेला तर घरावरचा आणि काजूच्या बागेवरचा त्याचा हक्क जाईल का? नाही जात. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांचा वाटा राखलेला असतो, मुलगा असो वा मुलगी, आणि तो कुठे राहतो यावर तो ठरत नाही. आईवडिलांना अर्ध्याहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. तरी एक करा. घराचा आणि बागेचा एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढून बघा, त्यावर कुणाची नावं आहेत, सासऱ्यांच्या पश्चात इन्व्हेंटरी (वारसांमधली कायदेशीर वाटणी) झाली आहे का. दिरांशी गोडी आहे तोवरच हे नीट होतं. गरज पडली तर वकिलाचा सल्ला घ्या. मुलगा असतानाच, तो निघण्यापूर्वी.

येण्याजाण्याचं म्हणाल तर कुरकुंभहून पुणे, पुण्याहून बेळगाव, आणि बेळगावहून चोर्ला घाट उतरणारी बस केरी-साखळीवरूनच पुढे पणजीला जाते. म्हणजे तो तुमच्या दारावरूनच येणार आहे. दोन महिन्यांतून एकदा चार दिवस आला, तर ते चार दिवस तो जागा असेल. आज पंधरा दिवसांनी येणारा मुलगा तुम्हाला झोपलेलाच दिसतो.

आणि ऑफर लेटरवर सही करण्याआधी त्याला एचआरला आणखी एक गोष्ट विचारायला सांगा: चवथीला किमान चार दिवस रजा मिळेल का. तिकडे गणपतीची सुट्टी एका दिवसाची असू शकते, आणि आपली माटोळी, गणपतीच्या वर बांधायची ती रानफळांची आरास, एका दिवसात बांधून होत नाही. तुम्ही लिहिलंय की रानातून कांगलां, माट्टुळी, घागऱ्या शोधून आणायचं काम लहानपणापासून त्याचंच आहे. ते त्याचंच राहू द्या. रजेचं उत्तर आलं की मला कळवा. विभागाचं नाव लेखी आलं तर तो कागदही पाठवा, मी वाचून देईन.