आमच्या बाई कधी येणार?

"मॅडम, डोळे तपासून झाले, नंबर नाही. मग हा माणसं का ओळखत नाही?" लालबागहून आलेल्या आईने खुर्चीत टेकण्याआधीच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा सहा वर्षांचा, पहिलीतला. दादरच्या पुलावर पिवळी ओढणी बघून त्याने भलत्याच बाईंचा हात धरला. वर्गशिक्षिका केस कापून, चष्म्याशिवाय आल्या, तर घरी येऊन विचारतो, "आमच्या बाई कधी येणार?" शेजारीण म्हणाली, "ऑटिझम तर नसेल?" झालं, आईची झोप उडाली. शेजारणींना निदानाची फार घाई.

आईच्या मोबाइलमधले घरचे फोटो घेतले आणि अंगठ्याने केस झाकून एकेक त्याला दाखवले. आई, बाबा, आजी पटापट ओळखले. वर्षातून एकदा भेटणाऱ्या मावशीपाशी अडला. अंगठा उचलला. "अय्या, मावशी!"

चेहऱ्याकडे ओढ जन्मापासूनच असते. पण चार दिवसांचं बाळ आईला ओळखतं त्यात केसांच्या कडेचा मोठा वाटा असतो. आईने डोक्याला रुमाल बांधला की त्याची ओळख चुकते. पुढेही, फारसा परिचय नसलेला चेहरा लहान मुलं केस, चष्मा, कपडे यांवरून लक्षात ठेवतात. 1977 मध्ये सुझन केरी आणि रिया डायमंड या संशोधक बायकांनी दाखवलं, की सहा-आठ वर्षांची मुलं टोपी-कपड्यांच्या बदलाने सहज फसतात, दहाव्या वर्षाच्या सुमारास कमी. वयाची ही रेघ पुढच्या संशोधकांनी इतकी ठळक ठेवली नाही, पण ओळखण्याची ही हातोटी पुढे कितीतरी वर्षं सुधारत राहते हे खरं.

बाकी चौकशीही केली. हाकेला ओ देतो, मित्र आहेत, आईचा चेहरा बघून ती रागावली हे त्याला कळतं. रोजची माणसंच वारंवार ओळखू आली नसती, तर मी तिला बालविकासतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. इथे गरज वाटली नाही. बाई बदलून आल्या तर त्यांनी आधी त्याच्याशी बोलावं, आवाज त्याला पाठ आहे, एवढं सुचवलं. आणि दादरसाठी आईचा मोबाइल नंबर तोंडपाठ करून घ्यायला सांगितला.

महिन्याने ती दोघं आली. माझा चष्मा दुरुस्तीला गेला होता. चिरंजीव दारातच थबकले, माझ्या मागे वाकून खोलीत कोणी दुसरं आहे का ते पाहिलं.

"या, बसा," मी म्हटलं.

"चष्मा कुठे गेला?"