सगळे कुर्ते एकाच दिवशी शिवायला टाकू नका

नोकरीला वर्ष झाले, इंदूरच्या विजयनगरात भाड्याच्या खोलीत राहते, कपाट दाबून भरले आहे तरी कार्यालयात नेसण्या-घालण्याजोगे धड चार कपडे नाहीत, म्हणून पंधरा हजार रुपये बाजूला काढले आहेत आणि दिवाळीपूर्वी चांगले कापड घेऊन सगळे एकदम शिवून घ्यायचे ठरवले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. यातले ‘सगळे एकदम’ हे दोन शब्द वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. २०११ च्या दिवाळीपूर्वी मी नेमके हेच केले होते, त्यामुळे थोडे लांबले तरी लिहिते. मी शिवणकामातली जाणकार नाही, इंदुरात नोकरी करणारी एक सामान्य बाई आहे, तेव्हा हे एका व्यक्तीचे अनुभव समजूनच वाचा.

चांगले कापड कोठे मिळते, सुती बरे की रेशमी, कोणते रंग घ्यावेत, हे मी सांगत बसत नाही. राजवाड्याच्या आसपास दोन शनिवार फिरलात, शीतलामाता बाजार आणि क्लॉथ मार्केट पायाखाली घातलेत, की ते आपोआप कळते. माझेही कापड उत्तमच होते. सात कुर्त्यांचे कापड मी ९,४०० रुपयांना घेतले होते. त्यात दोन चंदेरीचे, एक महेश्वरी आणि बाकीचे बारीक सुताचे. तेव्हा माझा पगार सोळा हजार होता.

चूक झाली ती पुढे. एका नव्याने निघालेल्या, वातानुकूलित आणि आरसे लावलेल्या शिवणकामाच्या दुकानात मी गेले. दुकानाचे नाव लिहीत नाही. माप घेणारा मुलगा काउंटरवर बसत असे आणि बेतणारे मास्टर दुसऱ्याच कोठल्यातरी गल्लीत. ही पहिली खूण होती, पण ती मला तेव्हा दिसली नाही. त्या मुलाने विचारले की अंगात नीट बसणारा एखादा कुर्ता आहे का, तर मी मोठ्या हौसेने माझा सर्वांत आवडता कुर्ता नमुना म्हणून दिला. तो अंगावर असा बसे की लोक विचारत, कोठून शिवलास. तो शिवलेला नव्हताच, तयार घेतलेला होता आणि त्याच्या कापडात लायक्रा होते.

लायक्राचे कापड अंगाबरोबर ताणले जाते, त्यामुळे त्यात सैलपणा ठेवावा लागत नाही. माझी छाती पस्तीस इंच आणि तो नमुन्याचा कुर्ता भरत होता छत्तीस. न ताणल्या जाणाऱ्या सुती कापडाच्या कुर्त्याला अंगाच्या मापावर निदान तीन ते चार इंच सोडावे लागतात, म्हणजे तो अडतीस-एकोणचाळीसचा हवा होता. दुकानाने नमुना फळीवर पसरला, त्याच्या कडेने खडू फिरवला आणि सातही कुर्ते एकाच दिवशी, एकाच मापाने बेतले. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, हाही तसाच, अरुंद आणि वर चढलेला. पहिल्या दिवशी मी त्यातला धानी रंगाचा कुर्ता घालून कामावर गेले, वरच्या फळीवरची फाईल काढायला हात उचलला आणि उजव्या काखेतली शिवण कर्रकन उसवली. उरलेला दिवस ओढणी खांद्यावर ओढून काढला.

उसवले तर सैल करून घेता येईल असे मला वाटले होते. घरी येऊन कुर्ता उलटा केला तर आत माया होती जेमतेम पाव इंच, तीही कडेची सुते निघू नयेत म्हणून मारतात ती इंटरलॉकची शिलाई मारून कापून टाकलेली. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते: शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात ती माया, आणि ती नसेल तर जगातला कोणताही शिंपी नुसती शिवण उसवून तुमचा कुर्ता सैल करू शकत नाही, घट्ट मात्र वाटेल तेवढा करू शकतो. चंदेरीच्या दोन कुर्त्यांचे तर आणखीच हाल झाले. त्यांना लावलेले सुती अस्तर न भिजवताच शिवले होते. पहिल्याच थंड धुण्यात ते दीड इंच आटले, वरची चंदेरी आटली नाही, आणि खालचा घेर पापडासारखा फुगला.

मी दुकानात गेले तेव्हा मिळालेले उत्तर अजून कानात आहे: ‘मॅडम, सैंपल तो आप ही का था.’ खरे सांगायचे तर यात खोटे काही नव्हते, आणि म्हणूनच जास्त लागले. पण ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्याने नमुना हातात घेतल्याबरोबर कापड ताणून पाहायला नको का? मग कोणीतरी सुचवले म्हणून एका कार्यालयात तक्रार घेऊन गेले, तर तेथे तीन फेऱ्यांनंतर बिल मागितले, आणि माझ्याजवळ होती ‘नग ७’ एवढेच लिहिलेली गुलाबी चिठ्ठी. आज कोणावर अशी वेळ आलीच तर ग्राहकांसाठी १९१५ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क पडत नाही. मात्र बिल हवेच, आणि त्यावर कापडाचा प्रकार, नमुना दिला असल्यास त्याची नोंद आणि ठरलेले माप लिहून घ्या. शिलाई ३५० प्रमाणे धरून माझे एकूण ११,८५० रुपये गेले, म्हणजे पगाराचा जवळजवळ पाऊण हिस्सा. घराजवळच्या एका म्हाताऱ्या शिंप्याने काखेत चौकोनी तुकडे जोडून दोन कुर्ते वाचवले, तीन माझ्या बारीक चणीच्या मावसबहिणीकडे गेले आणि चंदेरीच्या दोघांचे अभ्रे झाले.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, आणि ते सगळ्यांना पटेल असे नाही, की थोड्या पैशांत चांगले दिसायचे असेल तर आधी शिंपी शोधावा आणि मग कापड. जो स्वतः माप घेतो आणि स्वतःच बेततो, असा. त्याला साध्या सुती कापडाचा एकच कुर्ता द्या. बाजूच्या शिवणीत एक इंच आणि खाली दोन इंच माया सोडायला सांगा. ‘जाड दिसेल’ असे तो म्हणेल, तरी सांगा. कुर्ता आला की घालून बसा, दोन्ही हात वर करा, जिना चढा, स्कूटर चालवत असाल तर ती चालवून पाहा. तीन धुण्यांनंतर जे खटकेल ते त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या आणि मग तोच कुर्ता पुढच्या सगळ्यांचा नमुना. पंधरा हजारांतले एक तृतीयांश शिलाई-दुरुस्तीसाठी राखून ठेवा, असे मी म्हणेन. माझ्या बहिणीला हे प्रमाण फार वाटते.

रंगांबद्दल एवढेच की आधी दोन चांगल्या ओढण्या घ्या आणि त्यांना शोभतील असे बिनबुट्टीचे कुर्ते शिवा. आपल्याकडे उलटे करतात आणि मग प्रत्येक कुर्त्यासाठी ओढणी शोधत बाजारभर फिरतात. महेश्वर येथून सुमारे ९० किलोमीटरवर आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते, आणि मागावरून उतरलेली ओढणी समोर पाहून घेण्यात वेगळेच समाधान आहे. महेश्वरीत बहुधा उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. दुकानात शंका आली तर कडेचे दोन्ही दिशांचे एकेक सुटे सूत मागून घ्या आणि बाहेर जाऊन काडीने जाळून पाहा: रेशमाला केस जळल्याचा वास येतो, सुताला कागद जळल्याचा, आणि पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. दुकानदार नाक मुरडतो, पण खात्रीचा माल असलेला सूत देतो.

दिवाळीची घाई मला कळते. या दिवसांत प्रत्येक शिंप्याकडे कपड्यांचा ढीग असतो आणि घाईत बेतलेले कापड परत जोडता येत नाही. म्हणून आत्ता फक्त एक कुर्ता शिवा, सणाला आईची एखादी साडी नेसा, आणि बाकीचे कापड घेतले असेल तर ते रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवून, घडी करून ठेवा. रंग जाण्याची भीती असेल त्याचा तुकडा आधी वेगळा भिजवून पाहा. चंदेरी मात्र भिजवू नका, तिचे अस्तर भिजवा.